आपा आणि नदीचे फोटो

आपा पडद्यावरच्या माणसांना सलाम करायच्या.

वरून काढलेल्या फोटोत माणूस म्हणजे एक डोकं आणि दोन खांदे, फार तर एखादी छत्री. आम्ही बाकीचे तो ठिपका बघून पुढे जायचो, कारण आमचं काम माणसांशी नव्हतं, प्लास्टिकशी होतं. पण आपांना नदीच्या काठावर कुणी दिसलं की माऊसवरचा हात कपाळाकडे जायचा. "सलाम चाचा. जरा जपून हां, तिकडे निसरडं आहे," असं पुटपुटून मगच त्या पुढचा फोटो उघडायच्या. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय. दुसऱ्या आठवड्यात कळलं की सगळ्या ऑफिसला तसंच वाटतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही.

ऑफिस सानपाड्यात, स्टेशनपासून चालत जाण्याजोगं, टायरच्या दुकानावर. एक मोठी खोली, एक एसी, आणि त्या एसीवरून रोजची भांडणं. मी नुकतीच कराडकडून आले होते, भूगोलाची डिग्री घेऊन, आणि 'उपग्रह', 'ड्रोन' वगैरे शब्द ऐकून हुरळले होते. काम निघालं ते चौकोन काढण्याचं.

दिघ्याच्या बाजूला डोंगरातून एक नदी निघते, वस्त्यांमधून आणि कारखान्यांच्या मागून वाहत खाडीला मिळते. कागदावर ती नदी. तिथले लोक तिला नाला म्हणतात. तिच्या पुलांवर कॅमेरे बसवले होते, ते दिवसभर आपोआप फोटो काढायचे. अधूनमधून ड्रोन उडवून दोन्ही काठांचे फोटो घेतले जायचे. त्या फोटोंत जिथे प्लास्टिक दिसेल तिथे आम्ही चौकोन काढायचा आणि त्याला नाव द्यायचं: बाटली, पिशवी, थर्माकोल, वेष्टन, इतर. आणखी एक नाव होतं, 'सावली'. पुलाची सावली पडली, ढग आला, काही कळेनासं झालं की तेवढा भाग 'सावली' म्हणून बाजूला काढायचा; मग संगणक तिकडे बघतच नाही. असे ढीगभर चौकोन बघून संगणक स्वतःहून प्लास्टिक ओळखायला शिकतो, असं आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आम्ही काय शिकतो ते कुणी सांगितलं नाही.

आमचे चौकोन तपासायचं काम आपांचं. साठीकडे झुकलेल्या, बुटक्या, डोक्यावर ओढणी, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. गाव रायगडच्या किनाऱ्यावरचं. मिस्टर बरीच वर्षं आखातात होते, "आणि परत आले ते नुसते दुखरे गुडघे घेऊन," असं त्या सांगायच्या. आता ते घरी बसून टीव्हीला शिव्या द्यायचे. ऑफिसात 'मॅडम' म्हटलेलं आपांना चालायचं नाही. "मॅडम म्हटलं की मला वाटतं मागे कोणतरी उभी आहे." म्हणून सगळ्यांच्याच त्या आपा झाल्या. मालकांच्याही. मालक पस्तिशीचे, कायम जॅकेटात, कायम फोनवर. त्यांना आपा 'शेठ' म्हणायच्या, आणि त्यात थोडी माया आणि बरीच चेष्टा असायची.

त्यांची तपासण्याची पद्धत कुठल्याच ट्रेनिंगमध्ये बसणारी नव्हती. बिस्किटांच्या खोक्याचा एक पुठ्ठा होता, त्याला मधोमध खिडकी कापलेली. तो पुठ्ठा पडद्यावर धरून त्या फोटोचा तेवढाच तुकडा बघायच्या, मग पुठ्ठा इंचभर सरकवायच्या. मालकांनी एकदा सांगितलं, "आपा, झूम करता येतं." आपा म्हणाल्या, "झूम मशीन करतं. मला स्वतःला बारीक व्हायला लागतं."

"बघायचं तर थोडं थोडं बघ गो," हे त्यांचं माझ्यासाठीचं ठरलेलं वाक्य. "सगळं एकदम बघितलं की काहीच दिसत नाही."

वेग मात्र नव्हता. आमच्या वेगाने त्या चालल्याच नाहीत. मालक वैतागायचे, आपा "चालू दे, चालू दे" म्हणून पुठ्ठा सरकवायच्या. त्या 'चालू दे'मध्ये एवढा थकवा असायचा की ऐकणाराच खाली बसायचा.

डब्यात बहुतेक वेळा तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. शेजारच्या गाळ्यात अकाउंट्सचे क्लास चालायचे. तिथून वासाची तक्रार आली. मालकांनी अवघडत विषय काढला. आपा दुसऱ्या दिवसापासून डबा घेऊन जिन्यात जाऊन बसल्या. आठवड्यात मी जिन्यात, महिन्यात अर्धं ऑफिस जिन्यात, आणि शेवटी क्लासचे सरही एक भाकरी हातावर घेऊन पायरीवर बसलेले मी पाहिलेत. एसीच्या खोलीत मालक एकटेच जेवायचे.

पूर्वी त्या एका नकाशे काढणाऱ्या कचेरीत होत्या, हे नवं शहर उभं राहत होतं तेव्हापासून. रस्ते, सेक्टर, गटारं, सगळं हाताने काढायचं. पारदर्शक कागद, काळी शाई. आपांचा हात इतका स्थिर होता म्हणे, की साहेब लोक चहाचे कप घेऊन बघायला उभे राहायचे. पुढे कचेरीत कॉम्प्युटर आले आणि हाताची गरज संपली.

एवढे नकाशे काढलेल्या, वर्षभर त्या नदीचे फोटो बघणाऱ्या आपा नदीवर मात्र एकदाही गेल्या नव्हत्या. आम्हाला कधीकधी जावं लागायचं, कॅमेरा पुसायला, खात्री करायला. आपा नाही म्हणायच्या. का, असं मी तीनदा विचारलं आणि तीन उत्तरं मिळाली. एकदा म्हणाल्या, पाय दुखतात. एकदा म्हणाल्या, पुलावर चक्कर येते. तिसऱ्यांदा पुठ्ठ्यातून नजर न काढता म्हणाल्या, "रोज तिला चोरून बघते. आता समोर जाऊन काय बोलू?"

वर्षभराने संगणक शिकला असं ठरलं. त्याने सगळे फोटो एकत्र करून नदीचा नकाशा काढला. कमी प्लास्टिक तिथे पिवळा रंग, जास्त तिथे लाल. सगळे मालकांच्या टेबलाभोवती जमलो. खाडीपर्यंत पिवळी-केशरी रेघ, आणि दिघ्याजवळ एका वळणावर भडक लाल डाग.

"हॉटस्पॉट!" मालक ओरडले. "हेच पाहिजे होतं. एवढं एक वळण साफ केलं की निम्मा प्रश्न सुटला." ज्या सरकारी खात्यासाठी हे काम होतं, तिथल्या साहेबांना नकाशा दाखवायची तारीख ठरलेली होती. मालकांनी पेढे मागवले.

आपांनी पेढा ओढणीच्या टोकात बांधला आणि आपल्या जागेवर जाऊन त्या वळणाचे मूळ फोटो उघडले. दुपार गेली. आम्ही निघायच्या तयारीत असताना त्यांनी मला हाक मारली.

"काय दिसतं गो तुला इथे?"

निळे, काळे, पिवळे तुकडे, एकमेकांना चिकटलेले. मध्येच एका पुढाऱ्याचा भलामोठा हसरा चेहरा, वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या बॅनरवरचा. हा चेहरा आम्हाला माहीत होता. तो दिसला की आपा म्हणायच्या, "सलाम साहेब, उन्हात काय झोपलात?"

"प्लास्टिक," मी म्हटलं.

"कडेला बघ. सावली आहे ना? पाण्यात पडलेल्या पिशवीला एवढी सावली कुठून येईल? हे माणसाच्या उंचीवर आहे सगळं." त्यांनी पुठ्ठा खाली ठेवला. "ही छपरं आहेत गो. ताडपत्री घातलेली घरं आहेत. त्याने घरं मोजली कचरा म्हणून."

त्या तशाच मालकांकडे गेल्या. मालकांनी ऐकून घेतलं, पण त्यांचा चेहरा उतरला.

"पण आपा, टेक्निकली ते प्लास्टिकच आहे ना?"

"टेक्निकली तुझं जॅकेटपण प्लास्टिकच आहे शेठ. तुला धरून नेऊ देऊ का कचऱ्याच्या गाडीत?"

"खाली एक टीप टाकू. 'काही ठिकाणी निवासी वापर असू शकतो.'"

"टीप कोण वाचतं? लाल वाचतात."

मग त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "उद्या मला तिकडे घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी आम्ही बसने दिघ्याला गेलो. आपा पूर्ण रस्ता खिडकीला डोकं टेकून बसल्या. उतरल्यावर गल्ल्यांतून वाट काढत नदीच्या वळणावर पोचलो, तेव्हा त्या थांबल्या. वरून सपाट दिसणारं सगळं इथे उभं होतं. पत्रे, बांबू, दोऱ्या, ताडपत्र्यांवर ठेवलेले टायर आणि दगड. पाणी काळं आणि त्यात खरंच पिशव्या होत्या, पण इतर वळणांवर होत्या तितक्याच.

आम्हाला बघून एक बाई बाहेर आली. कडेवर पोर. जवळच्या कंपनीत पॅकिंगला जायची. त्या दिवशी सुट्टी होती.

"सर्व्हेला आलाव का?" तिने विचारलं. "तोडनार हाय का?"

"नाही गो बाय," आपा म्हणाल्या. "तुझं छप्पर बघायला आले."

बाई हसली. तिला वाटलं चेष्टा आहे. पण आपा वाकून खरंच आत गेल्या. आत नीटनेटकं होतं, भांडी लखलखीत, आणि वर पांढरं छत. ऊन वरून येत होतं, त्यामुळे छतात कुणाचातरी चेहरा उलटा, फिकट दिसत होता. आपा मान वर करून बघत राहिल्या. तेच साहेब.

"बॅनर हाय," बाई म्हणाली. "वाढदिवस झाल्यावर आमच्या मालकानं आनला. मजबूत हाय, गळत न्हाई. निळी ताडपत्री एका पावसात फाटते."

आपांनी तिला सांगितलं, तुमचे फोटो वरून काढतात, आणि त्यात तुमची घरं कचरा दिसतात. मला वाटलं बाई चिडेल. तिने चहा टाकला.

"तर काय दिसल मग? चांगलं दिसन्यासारखं काय घालावं वर?" तिने खरंच विचारलं. तिला वाटलं आपांना माहीत असेल.

आपांनी चहा घेतला. ओढणीच्या टोकातला पेढा सोडून पोराच्या हातावर ठेवला. येताना बसमध्ये एकच वाक्य बोलल्या, "मी नाही सही करणार त्याच्यावर."

नाही केली. तपासणी पूर्ण झाल्याची सही आपांची लागायची आणि ती दुसऱ्या कुणाला करता येत नव्हती. मालकांनी खात्याकडून थोडी मुदत मागून घेतली. आपांनी चौकोनांच्या नावांत एक नवं नाव घातलं, 'घर', आणि आम्ही दोघी बसलो. एकेक छपराचा चौकोन उघडायचा, संगणकाने दिलेलं 'इतर' पुसायचं, 'घर' लिहायचं. एकही सुटू नये म्हणून आपा माझा प्रत्येक फोटो पुन्हा तपासायच्या. त्या दिवसांत त्या दमल्या, पण मी त्यांना एवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. "हे बघ, बॅनरवाली. हे बघ, हिने कोंबड्या पाळल्यात." नवा नकाशा निघाला तेव्हा वळण इतर नदीसारखंच पिवळं होतं, आणि त्यावर छोटे हिरवे चौकोन, ओळीने, प्रत्येक घराचा एक.

वाशीला साहेबांच्या ऑफिसात मालक, आपा आणि मी गेलो. साहेब सभ्य माणूस. आल्याआल्या पाणी विचारलं, आपांना पंख्याखालची खुर्ची दिली. मालकांनी आधीचा कच्चा नकाशा त्यांना धाडलेला होता, त्यामुळे त्यांनी विचारलं, "इथे लाल होतं ना?"

"साहेब, ती घरं होती," आपा म्हणाल्या. "मशीन चुकलं. आम्ही जाऊन बघून आलो."

"घरं?" साहेब पुढे वाकले. "आमच्या रेकॉर्डला तिथे घरं नाहीत. रिकामा काठ आहे." ते हिरवे चौकोन मोठे करून बघत राहिले. मग त्यांनी आपांकडे खरोखर कौतुकाने पाहिलं. "किती स्वच्छ काम आहे हो. प्रत्येक घर, जागेसकट. आमची माणसं वर्षभर फिरून एवढं आणत नाहीत. हा घरांचा नकाशा मला वेगळा करून द्या. परवापर्यंत मिळेल?"

"मिळेल सर," मालक म्हणाले.

"कशाला पाहिजे साहेब?" आपांनी विचारलं.

"अतिक्रमण विभागाला. त्यांनाही कळू दे ना." त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. त्यांनी चहा मागवला.

परतताना मालकांची गाडी पामबीच रस्त्यावर आल्यावर मागच्या सीटवरून आपांचा आवाज आला. "मी काय केलं गो."

ऑफिसात येऊन त्या जागेवर बसल्या. चौकोन नुसते पुसून भागणार नव्हतं. पुसले की संगणक पुन्हा त्याच छपरांना कचरा धरणार आणि वळण पुन्हा लाल होणार. घर लिहिलं तर अतिक्रमण, नाही लिहिलं तर कचरा. आपा बराच वेळ नावांच्या यादीकडे बघत बसल्या. मग पहिलं घर उघडलं आणि नाव बदलून 'सावली' केलं.

मालक त्यांच्या मागे येऊन उभे होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, आपांच्या मानेकडे बघितलं. "मी चहाला जाऊन येतो," ते म्हणाले. "मला वेळ लागेल." आणि जाताना माझ्या खांद्याला हात लावून म्हणाले, "तूपण कर. दोघींनी केलं तर लवकर होईल."

वर्षभर आपांनी एकही चौकोन चुकीच्या नावाने जाऊ दिला नव्हता. बाटलीला पिशवी म्हटलं तरी त्या फोटो परत पाठवायच्या. आता त्या एकामागून एक खोटं लिहीत होत्या आणि हात नेहमीसारखाच स्थिर होता. "पूर्वी एक रेघ पुसायची तर ब्लेडने खरवडायला लागायचं," त्या मध्येच म्हणाल्या. "कागदावर खूण राहायची. कोणीतरी विचारायचं, इथे काय होतं म्हणून." त्या दुपारी त्यांनी कुणालाही सलाम केला नाही.

साहेबांनी एकदा फोन केला. मालकांनी सांगितलं, सर, ते घरांचं चुकून झालं होतं, तिथे सावली आहे, नीट दिसत नाही. साहेबांनी बरं म्हटलं. त्यांच्यासमोर दुसरी फाइल आली असणार. इतकं घाबरलो होतो आम्ही, आणि ते इतक्या सहज संपलं, की हायसंही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी त्या वळणावर नाल्याची भिंत बांधायला घेतली आणि निम्मी घरं गेली. आमच्या नकाशाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. बॅनरवालीचं गेलं की राहिलं ते मला माहीत नाही. त्याआधीच आपांनी काम सोडलं होतं. भांडण नाही, निरोपसमारंभ नाही. एका शनिवारी जिन्यात डबा धुताना म्हणाल्या, "थकले नाही गो, पण पुरे झालं." सोमवारी आल्या नाहीत. त्यांच्या जागी मालकांनी माणूस घेतला नाही. तपासणीही आता संगणकच करतो.

आता आमच्याकडे लांबलांबच्या नद्यांचं काम येतं, मी कधी न पाहिलेल्या शहरांचं. संगणक तोच, आमच्या नदीवर शिकलेला. पहिल्या नव्या नदीचा नकाशा आला तेव्हा काठाने ठिकठिकाणी काळे डाग होते. 'सावली, वगळले.' मला वाटलं पूल असतील. मूळ फोटो उघडले. निळी छपरं होती. दुसऱ्या नदीवर तेच. तिसऱ्या नदीवर, भर दुपारच्या लख्ख उन्हात काढलेल्या फोटोंतही तेच. आम्ही दोघींनी त्याला जे शिकवलं होतं ते त्याने मनापासून शिकून घेतलं होतं. जिथे गरिबाचं छप्पर, तिथे सावली.

एका रविवारी मी आपांच्या गावी गेले. आपा अंगणात मासळी वाळत घालत होत्या, आत मिस्टर टीव्हीवर ओरडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"सगळीकडे?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडे. तिथलं काहीच मोजत नाही तो. घरं नाहीत, कचरा नाही, माणसं नाहीत."

आपा खाली बसल्या. हाताला मासळीचे खवले चिकटले होते ते नखाने काढत राहिल्या.

"म्हणजे तोडायला कोणी जाणार नाही," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "आणि साफ करायलापण कोणी जाणार नाही. पाणी भरलं तर बघायलापण नाही."

"नाही."

"बरं झालं की वाईट झालं गो?"

मी त्यांच्या शेजारी बसून मासळी पसरायला लागले. निघताना त्यांनी सुकट बांधून दिली, आणि बस सुटेपर्यंत थांब्यावर उभ्या राहिल्या.

ते काळे डाग आता काम देणाऱ्या वरच्या लोकांच्याही लक्षात आलेत. दुरुस्तीचं काम माझ्याकडे आहे. दुरुस्ती म्हणजे एकच: त्या छपरांना काहीतरी नाव द्यायचं. मी फोटो उघडते, बघत बसते. परवाच्या फोटोत एका छपरावर मिरच्या वाळत घातल्या होत्या, अगदी कडेपर्यंत, नीट हाताने पसरलेल्या.

संध्याकाळी मालक आले. "झालं का ते?"

"नाही," मी म्हटलं. "बघतेय अजून."